जवाहर चौकातल्या घरांमधले कॅमेरे



जवाहर चौक आणि टीटी नगरच्या आठवणी आपण इथे पुष्कळ वाचल्या. क्वार्टरं, गणपती, रंगमहल टॉकीज, सगळं येऊन गेलं. आज कॅमेऱ्याबद्दल लिहितो. नामवंत फोटोग्राफरांचा नव्हे, तुमच्या-माझ्या घरी गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलेला असायचा तो. कोणत्या काळात आपल्याला कोणता कॅमेरा परवडला, त्यावरून घराचं काय टिकलं आणि काय गेलं हे ठरलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भोपाळला फोटो नवा नाही. १८६२ साली जेम्स वॉटरहाउस नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने इथे येऊन सिकंदर बेगमचे फोटो काढले. पुढे इंदूरच्या पीडब्ल्यूडीत नोकरी केलेले लाला दीनदयाळ, म्हणजे राजा दीनदयाळ, यांनी सांचीच्या स्तूपांचे फोटो घेतले. पण ते बेगमचे आणि स्तूपांचे. साध्या माणसाने फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जाऊन, पडद्यासमोर, श्वास रोखून.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकरांची कुटुंबं इथे आली. आमचे वडील नागपूरच्या सचिवालयातून आले. ट्रंका, पितळी भांडी आणि देव एवढंच सामान. कॅमेरा कुणाकडे असणार?

आपल्या ओळीत पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण बनायचा आपल्या बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि चौकोनी बारा फोटो निघायचे. फोकस वगैरे भानगड नाही. ऊन आहे की ढग, तेवढं बघून खटका फिरवायचा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोलही मिळू लागला. ओळीत एक कॅमेरा आणि दहा घरं, त्यामुळे मुंज-बारशाला तो मागून न्यायचा आणि परत देताना सोबत वाटीभर चिवडा द्यायचा, ही रीत.

ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला. पोरांच्या तोंडी 'खटाक' शब्द बसला तो त्याच्याच जाहिरातीमुळे. मग याशिका एमएफ-२, आणि नव्वदीत कोडॅकचा केबी-१०. हे दोन्ही ३५ मिलिमीटरचे, ३६ फोटोंच्या रंगीत रोलचे. आता मी पडलो बँकेचा माणूस, तेव्हा हिशेब मांडतोच. त्या काळी रोल साधारण शंभर रुपयांना, धुलाई वेगळी, प्रत्येक कॉपीचे चार-पाच रुपये. म्हणजे एक रोल पुरा करून हातात फोटो येईपर्यंत अडीच-तीनशे रुपये गेले. कॅमेरा एकदाच घ्यायचा, पण रोल हा कायमचा हप्ता. म्हणून घराघरात एकच वाक्य ऐकू यायचं, "अरे, रोल वाया घालवू नका!"

त्या वाक्याचा परिणाम आज अल्बम उघडला की दिसतो. लग्न, मुंज, बारसं, पचमढीची सहल. सगळे ओळीने उभे, कपडे इस्त्रीचे. आईचे फोटो बघा, हातात औक्षणाचं ताट किंवा बोहल्यामागे उभी. ज्या हातांनी रोज चाळीस पोळ्या लाटल्या, ते लाटताना एकाही फोटोत नाहीत. तीनशे रुपयांचा रोल पोळ्यांवर कोण घालवणार?

आता डिजिटल. १९७५ साली अमेरिकेत कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद, आणि फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा. फिल्म विकणाऱ्या कंपनीला हे पोर फार आवडलं नाही. २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९५ मध्ये कॅसिओने मागे छोटा पडदा असलेला कॅमेरा बाजारात आणला, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायची सोय झाली. आपल्याकडे न्यू मार्केटच्या दुकानांत हे कॅमेरे खरे दिसू लागले ते २००४-०५ नंतर.

आमच्याकडे २००७ मध्ये आला. त्या वेळी सहा ते दहा हजारांत कॅननची पॉवरशॉट ए मालिका, निकॉनचे कूलपिक्स, सोनीचे सायबरशॉट मिळत. दुकानदार मेगापिक्सेलचाच पाढा म्हणायचा, पाचापेक्षा सात बरे, सातापेक्षा दहा. मी कागदावर गुणाकार केला. चार बाय सहा इंचाचा चांगला फोटो छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १२०० गुणिले १८००, एकवीस लाख साठ हजार. सव्वादोन मेगापिक्सेलच्या आतच काम भागतं. आठ बाय दहाचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा तरी सव्वासात पुरेत. मग जास्तीचे पैसे कशाला?

पैसे घालायचे ते तीन गोष्टींवर. पहिली, झूम भिंगाचा हवा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते नंतर घरीही करता येतं. दुसरी, सेल. साधे पेन्सिल सेल चालणारा कॅमेरा घेतला की चार्जर घरी राहिला तरी भेडाघाटला पानटपरीवर सेल मिळतात, आणि एरवी चार्जिंगचे सेल वापरायचे. तिसरी गोष्ट तेव्हा कुणी फारशी सांगत नसे, ती म्हणजे कार्ड. सोनीची मेमरी स्टिक वेगळी, ऑलिम्पस-फुजीचं एक्सडी वेगळं, बाकी बहुतेकांचं एसडी. सगळ्यांत जास्त कंपन्या जे कार्ड वापरतात तेच घ्यावं, या साध्या व्यापारी नियमाने एसडीचा कॅमेरा घेतला. आज एक्सडी वाचणारं यंत्र शोधायला वणवण करावी लागते, एसडी लॅपटॉपला लावलं की उघडतं.

उणीवही होती. या छोट्या कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा तुकडा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, तर फिल्मची चौकट छत्तीस. क्षेत्रफळाने पस्तीसपट फरक. त्यामुळे रात्रीचे, ट्यूबलाइटमधले फोटो दाणेदार यायचे. भर उन्हात मात्र तक्रारीला जागा नाही.

खरा बदल वेगळाच झाला. हप्ता संपला. एक जीबीच्या कार्डात पाच-सहाशे फोटो आणि एका फोटोचा खर्च शून्य. कॅमेरा वडीलधाऱ्यांच्या हातून सुटून बायकांच्या आणि मुलांच्या हातात गेला. आमच्या सौ.ने गच्चीवरच्या कुरडयांचे फोटो काढले, माझ्या पुतण्याने क्वार्टरच्या मागच्या पेरूच्या झाडाचे, नळावरच्या बादल्यांच्या रांगेचे. तेव्हा मी हसायचो, म्हणायचो, "बादल्यांचं काय प्रदर्शन भरवायचंय का?"

मग स्मार्ट सिटी आली. आधी शिवाजीनगर-तुलसीनगरचं ठरत होतं. तिथली झाडं वाचवायला लोक उभे राहिले आणि २०१६ मध्ये योजना उत्तर-दक्षिण टीटी नगरला सरकली, एकूण ३४२ एकर. धाकटा भाऊ राज्य सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचं क्वार्टरशी नातं तोवर टिकलं होतं. नोटिसा आल्यावर शेजारच्या काकू, वय ऐंशीच्या पुढे, आमच्याकडे अल्बम घेऊन आल्या. त्यांना घराचा एक फोटो हवा होता. चार अल्बम पालथे घातले. माणसं होती, मांडव होता, पाठीमागे खिडकीचा अर्धा कोपरा होता. घर नव्हतं. शेवटी पुतण्याच्या त्या फोटोंत बादल्यांच्या रांगेमागे काकूंचं दार, तुळशीवृंदावन आणि ओट्यावर बसलेले काका निघाले. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. काकू बराच वेळ बघत राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, "हे रोज असेच बसायचे."

जगाला भोपाळ १९८४ च्या एका फोटोने माहीत आहे, मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या लेकराच्या. पाब्लो बार्थोलोम्यू यांच्या त्या फोटोला वर्ल्ड प्रेसचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. तो फोटो असायलाच हवा, विसरताच कामा नये. पण इथे लोक रोज ओट्यावर बसायचे, हे दाखवायला बाहेरून कुणी येणार नव्हतं. ते काम आठ हजारांच्या कॅमेऱ्याने केलं.

२०१० साली जगात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. पुढे मोबाइलने ते छोटे कॅमेरे गिळले. आता कॉलेजातली मुलं तेच जुने कॅमेरे हौसेने शोधताहेत. माझी नातही मागते. तिला मी सांगितलं, चालू असेल तर जरूर वापर, पण आधी त्यातलं कार्ड बघ.

तुम्हालाही तेच सांगणं आहे. कृष्णधवल फोटो अजून पन्नास वर्षं अल्बममध्ये टिकतील. २००४ ते २०१२ मधले जास्त धोक्यात आहेत, कारण ते जुन्या कार्डांत, सीड्यांत आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेत. खण उघडा, कार्डं काढा, दोन ठिकाणी उतरवून ठेवा आणि वर्षाला निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्या. छापताना वाढदिवसाचा केक कापतानाचे बाजूला ठेवा. मागे घर दिसतंय असे निवडा.

आणि जवाहर चौकातल्या कुणाच्या दाराचा, ओट्याचा, नळाचा फोटो निघालाच तर इथे नक्की टाका. कुणाचे तरी काका त्यात बसलेले असतील.