जंगलचा कायदा

बेबंदशाहीचें वर्णन करतांना इंग्रज लेखकाच्या लेखणींतून ‘लॉ ऑफ द जंगल’ हा शब्दप्रयोग हटकून उतरतो. बळी तो कान पिळी, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु त्याची कुळकथा शोधूं गेल्यास ती थेट ब्रह्मपुरीच्या नदीकांठीं येऊन पोहोंचते, आणि मूळ अर्थ रूढ अर्थाच्या अगदीं उलट असल्याचें आढळतें.

प्रथम ‘जंगल’ हा शब्द पाहावा. संस्कृतांत ‘जांगल’ म्हणजे अल्पजल, विरळ झाडांचा कोरडा प्रदेश. आयुर्वेदानें जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार मानले, त्यांतील हा एक. पुढें लोकभाषांत त्याचा अर्थ पडीक जमीन व रान असा झाला. १७७६ सालीं हॅल्हेडच्या हिंदु कायद्यांवरील इंग्रजी ग्रंथांत पांच वर्षें पडीक राहिलेल्या जमिनीस जंगल म्हटलें आहे. त्यानंतर इंग्रजींत तो शब्द निबिड, भयाण अरण्याचा वाचक बनला. तळीं, बोड्या व धानाच्या बांध्या यांनीं भरलेला ब्रह्मपुरीचा मुलूख वैद्यांच्या व्याख्येनें जांगल नव्हे, आनूपाकडेच झुकणारा. तेथील लोक आपल्या प्रदेशास ‘झाडी’ म्हणतात. झाडीबोली हें नांव त्यावरूनच पडलें.

आतां ‘कायदा’. रड्यार्ड किपलिंगच्या १८९४ व १८९५ सालच्या दोन ‘जंगल बुकां’नीं या शब्दप्रयोगाचा मोठा प्रसार केला. त्यांतील मोगलीच्या गोष्टी सिवनीच्या रानांत घडतात, आणि त्यांतली नदी वैनगंगा आहे. हीच वैनगंगा सिवनी जिल्ह्यांत उगम पावून भंडाऱ्यावरून येते व ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्यामधून दक्षिणेस जाते. एका कथेंत अवर्षणानें ही नदी आटते, पात्रांतला खडक उघडा पडतो आणि हत्ती तह पुकारतो: पाणवठ्यावर कोणीं कोणाची शिकार करावयाची नाहीं. हरिणें व त्यांचे शिकारी एकाच धारेवर तहान भागवितात. किपलिंगचा जंगलचा कायदा म्हणजे असे निर्बंध. कालांतरानें त्यांतला निर्बंध गळाला आणि भय तेवढें उरलें. मराठींतला ‘जंगलराज’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे.

आज ब्रह्मपुरीच्या वनांत वाघांची वस्ती मोठी आहे, आणि मोहफुलें व तेंदूपानें वेंचावयास गांवकऱ्यांनाही तेथेंच जावें लागतें. या संघर्षांत माणसें प्राणास मुकतात. कोणीं कोठें व केव्हां जावें, याची मर्यादा पाळण्यावर तेथें जीवित अवलंबून असतें. त्या गांवकऱ्यांना जंगलच्या कायद्याचा मूळ अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं.