दिनविशेष : ८ ऑगस्ट २०१० – तेजस्विनी सावंत जगज्जेती

कोल्हापूर म्हटलं की आठवते तालमीची लाल माती. या शहराला पहिली जगज्जेती नेमबाज मात्र मिळाली ती म्युनिकमध्ये. पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण घेत विश्वविक्रमाशी बरोबरी केली. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पोटावर झोपून, श्वास रोखून साठ गोळ्या. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुलमध्ये तिने दोन सुवर्णपदकं आधीच जिंकली होती. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला पुन्हा सुवर्ण. ऑलिंपिकने मात्र फार वाट पाहायला लावली. टोकियोत ती उतरली, तेव्हा चाळिशीची होती.