लिनक्समधील परस्परावलंबन : एका कटकटीचा इतिहास

लिनक्सवर एखादी छोटी आज्ञावली अद्ययावत करू जावे, तर तिच्यासोबत आणखी दहा पॅकेजे का उतरतात, असे विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जाहीर केला. गाभा म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. बाकीच्या आज्ञावल्या निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या होत्या आणि त्या एकत्र बांधून देण्याचे काम 'वितरण' तयार करणाऱ्यांकडे आले. १९९३ साली निघालेल्या स्लॅकवेअरमध्ये पॅकेज म्हणजे एक आवळलेली फाईल. ती उलगडली की झाले. तिला आणखी काय लागते, हे वापरणाऱ्याने पाहायचे.

आणि लागत तर पुष्कळ असे. त्या काळी स्मृती आणि तबकडी दोन्ही महाग. म्हणून सर्वांना लागणारी कामे सामाईक 'लायब्ररी'त ठेवलेली असत. दहा घरांत एक विहीर असावी, तसे. जागा वाचते, पण विहिरीला हात लावला की दहाही घरांत हंडे रिकामे.

१९९३ च्याच ऑगस्टमध्ये इयान मरडॉक याने डेबियन प्रकल्प जाहीर केला. (डेब्रा आणि इयान या दोन नावांचा हा जोडशब्द. डेब्रा ही त्याची तेव्हाची मैत्रीण.) डेबियनच्या पॅकेजात एक लेखी जबानी येऊ लागली : मला अमुक हवे, तमुकाशी माझे जमत नाही. रेड हॅटने १९९५ मध्ये आरपीएम आणले, त्यातही अशीच सोय होती. पण ही साधने फक्त तपासणी करत. काही कमी असले की नकार. ते शोधून आणावे, तर ते तिसरेच मागणार! या चक्राला 'डिपेंडन्सी हेल' असे नाव पडले.

खरी कसोटी लागली ती सर्वांत खालची लायब्ररी, 'लिबसी', बदलताना. जुलै १९९८ च्या डेबियन २.० मध्ये पाचव्या आवृत्तीवरून सहाव्या आवृत्तीवर जायचे होते आणि जवळजवळ प्रत्येक आज्ञावली तिच्यावर उभी. आपण आज्ञा टंकतो तो शेलसुद्धा. क्रम चुकला तर शेलच सुरू होत नाही. मग दुरुस्तीची आज्ञा द्यायची कोठे? डेबियनच्या जबानीत 'हे हवे' आणि 'हे माझ्या आधीच पूर्ण बसलेले हवे' असे दोन वेगळे रकाने आहेत, ते अशाच प्रसंगांसाठी. आमच्या मते डेबियनची खरी हुशारी या रकान्यात आहे.

मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर 'ॲप्ट' आले. ते नुसता नकार देत नसे. हवे ते स्वतः शोधून, उतरवून, योग्य क्रमाने बसवी. पुढे आरपीएमच्या जगात 'यम'ने तेच केले.

प्रश्न सुटला असे वाटले. पण जबानीकडे गणिती नजरेने पाहिले तर तीत 'आणि', 'किंवा', 'नाही' एवढेच असते, म्हणजे निव्वळ तर्कशास्त्र. असे किंवा तसे, असे तीस पर्याय जमले की जोडण्या शंभर कोटींहून अधिक होतात. २००६ मध्ये युरोपीय संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिले, की एखादे पॅकेज बसवता येईल की नाही हे ठरवणे 'एनपी-पूर्ण' आहे. सर्व प्रसंगी झटपट चालेल अशी रीत कोणालाही ठाऊक नाही. तरीही तर्कसूत्रे सोडवणाऱ्या तयार आज्ञावल्या येथे उत्तम चालतात. ओपनसुसेने २००८ मध्ये ती वाट धरली. १९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक. तरी उत्तर सहसा काही क्षणांत मिळते.

आता तबकडी स्वस्त आहे. मग प्रत्येकाने आपली विहीर खणावी, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' हे खिंडार सापडले. लायब्ररी सामाईक होती तेथे तेवढे पॅकेज बदलून तिच्यावरच्या सेवा पुन्हा सुरू केल्या की भागत असे. आपापली प्रत पोटात घेऊन बसलेल्या आज्ञावल्या मात्र एकेक करून शोधाव्या लागल्या.