अंतःप्रजनित उंदीर वाण

सख्ख्या भावा-बहिणींचा संकर सलग किमान २० पिढ्या घडवून तयार केलेले, रॅटस नॉर्वेजिकस या जातीच्या उंदरांचे प्रयोगशाळेतील वंश. अशा वाणातील प्राणी जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता यांसारखे विकार अनेक जनुके आणि आहार, वय, ताण यांच्या एकत्रित परिणामातून उद्‌भवतात. माणसांमध्ये हे धागे वेगळे करणे अवघड जाते. मात्र एकाच वाणातील उंदरांमधला फरक मुख्यतः परिस्थितीचा, तर सारख्या परिस्थितीत वाढवलेल्या दोन वाणांमधला फरक मुख्यतः जनुकांचा असतो.

इतिहास : फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत हेलन डीन किंग यांनी १९०९ मध्ये पांढऱ्या उंदरांचे अंतःप्रजनन सुरू केले. १९६२ मध्ये लुईस डाल यांनी मिठामुळे रक्तदाब वाढणारे आणि न वाढणारे उंदीर निवडून त्यांचे वेगळे वंश वाढवले. १९६३ मध्ये क्योतो विद्यापीठातील ओकामोतो आणि आओकी यांनी आपोआप उच्च रक्तदाब होणारा ‘एसएचआर’ हा वंश जाहीर केला. अशा वंशांचा रक्तदाब मोजण्यासाठी उंदराला किंचित ऊब देऊन शेपटीच्या मुळाशी फुगवता येणारा पट्टा बांधतात.

पुनर्संयोजित वाण : दोन वाणांचा संकर करून त्यांच्या नातवंडांपासून पुन्हा अनेक अंतःप्रजनित वाण तयार करतात. प्रत्येक नवा वाण म्हणजे त्याच दोन कापडांच्या तुकड्यांची वेगळी गोधडी. ‘एसएचआर’ आणि ‘ब्राउन नॉर्वे’ गटातील ‘बीएन-एलएक्स’ यांपासून असा एक संच तयार झाला आहे. कोणत्या गुणसूत्रखंडाबरोबर रक्तदाब चढतो-उतरतो, हे त्यावरून शोधता येते. जनुकसंच स्थिर असल्याने एका प्रयोगशाळेतील मोजमापे दुसरीकडच्या, अनेक वर्षांनंतरच्या मोजमापांशी जोडता येतात. ‘ब्राउन नॉर्वे’ वाणाच्या जीनोमचा आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर असे खंड शोधण्याचे काम सोपे झाले. ‘हायब्रिड रॅट डायव्हर्सिटी पॅनेल’ या संचात असे पुनर्संयोजित वाण व जुने परस्परभिन्न वाण मिळून ९६ वाण एकत्र आणले आहेत.

मर्यादा : सापडलेल्या गुणसूत्रखंडात पुष्कळदा शेकडो जनुके असतात, त्यांतले नेमके कारण वेगळे सिद्ध करावे लागते. शिवाय एका वाणावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. १९९९ मध्ये ‘एसएचआर’मधील इन्सुलिनरोधाचा संबंध ‘सीडी३६’ या जनुकातील दोषाशी जोडला गेला. त्याच वर्षी जपानमधील मूळ ‘एसएचआर’ उंदरांत इन्सुलिनरोध असूनही तो दोष नसल्याचे आढळले. निर्दोष ‘सीडी३६’ जनुक पोहोचवल्यावर दोषयुक्त उंदरांची स्थिती सुधारली, म्हणजे पहिला निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण विकाराचे ते एकमेव कारणही नव्हते. एकाच नावाचा वाण वसाहतीगणिक वेगळा असू शकतो, म्हणूनच वाणाच्या नावापुढे त्याच्या वसाहतीची अक्षरे लिहिण्याला महत्त्व आहे.