दोन स्वयंपाकी आणि एक डॉक्टर

१७६७चा ऑगस्ट. पॅरिसमधला संगीतकार योहान शोबर्ट घरच्यांना आणि मित्रांना घेऊन शहराबाहेर फिरायला गेला. रानात अळंबी मिळाली. ती रांधून घ्यायला मंडळी एका खानावळीत गेली. तिथला स्वयंपाकी म्हणाला, ही विषारी आहे. दुसऱ्या खानावळीतही तेच उत्तर मिळालं. पण ओळखीच्या एका डॉक्टरनं खुशाल खा म्हणून सांगितलं. मग घरी सूप झालं. शोबर्ट, त्याची बायको, एक मूल, मोलकरीण आणि काही मित्र त्यात दगावले. त्याच उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या मोझार्टनं शोबर्टची एक रचना आपल्या पियानो कॉन्चेर्टोत घेतली होती.

तेव्हा लोकांना काहीच माहीत नव्हतं, असं नाही. युरोपातली सर्वांत घातक अळंबी म्हणजे ‘डेथ कॅप’. सेबास्तियाँ वेयाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७२७मध्येच, म्हणजे चाळीस वर्षं आधी, तिचं वर्णन केलं होतं: हिरवट छत्री आणि देठावर कडं. आज आपण त्यात आणखी दोन खुणा धरतो: छत्रीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यांची आणि बुडाशी असलेल्या पिशवीची. अळंबी वरून खुडली, तर ही पिशवी मातीतच राहते आणि महत्त्वाची खूणही तिथंच राहते.

चांदीचा चमचा काळा पडतो, किडे विषारी अळंबी खात नाहीत, उकळली की विष जातं, या समजुती खोट्या आहेत. डेथ कॅपचं विष शिजवून जात नाही. चवीवरूनही ते कळत नाही. उलट्या-जुलाब साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतात. मग जरा बरं वाटतं, पण तेव्हाही यकृत आतून निकामी होत असतं. म्हणून शंका आली, तर बरं वाटत असलं तरी उरलेली अळंबी घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी जाणती माणसं काढतात. त्यांची नजर त्या रानात, त्या जातीवर तयार झालेली असते. परक्या मुलुखात तीच नजर फसू शकते. फोनमधलं ॲप तर मातीतली पिशवी बघूच शकत नाही. दहाजण ‘हो’ म्हणाले आणि एकजण ‘नाही’, तर त्या एकाचं ऐकावं. तो चुकला, तर एक वाटी सूप जाईल, एवढंच.