तळटीप : हॅमिश

* लेखकाने येथे हॅमिशला ‘भूत’ म्हटले आहे. ते तितकेसे बरोबर नाही. चार्ल्स टॉड यांच्या कादंबरीमालेतला इन्स्पेक्टर इयन रटलेज १९१९ साली पहिल्या महायुद्धातून स्कॉटलंड यार्डात परततो, तो हॅमिश मॅक्‌लाउड या स्कॉटिश कॉर्पोरलचा आवाज डोक्यात घेऊनच. १९१६ मध्ये सॉमच्या आघाडीवर हॅमिशने आपल्या माणसांना पुन्हा मशीनगनच्या तोंडी द्यायला नकार दिला आणि त्याला गोळ्या घालण्याचा हुकूम रटलेजलाच द्यावा लागला. पाठोपाठ तोफगोळा पडून सारेच गाडले गेले. हॅमिशच्या प्रेताआड उरलेल्या हवेवर रटलेज जगला. म्हणून मोटारीत हॅमिश मागच्या सीटवर असतो आणि रटलेज मान वळवून पाहायला धजत नाही. वाचकालाही तो ऐकूच येतो, दिसत नाही. हा आवाज म्हणजे भूत नव्हे, युद्धाच्या आघाताने रटलेजला जडलेला आजार; त्या काळी त्याला ‘शेलशॉक’ म्हणत. खून कोणी केला यापेक्षा रटलेजचे गुपित सहकाऱ्यांना कळेल का, ही धाकधूकच मला जास्त खिळवते. (चार्ल्स टॉड हे टोपणनाव, मुळात लिहिणारे दोघे होते, आई आणि मुलगा.) हॅमिश कल्पित असला तरी शिक्षा कल्पित नाही : पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश व साम्राज्यातील सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. मालिका क्रमानेच वाचावी. पहिली कादंबरी ‘अ टेस्ट ऑफ विल्स’, १९९६. — संपा.