चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हे बारा कोस मोजले कोणी आणि कशाने, हे सहसा कोणी विचारीत नाही. पायी जाणारा वाटसरू शेतातल्या माणसाला विचारी, "पुढचं गाव किती लांब?" उत्तर येई, "हे काय, दोन कोस!" दिवेलागण झाली तरी ते दोन कोस संपत नसत. सांगणारा उदार असला की कोस आखूड होई, कंटाळलेला असला की लांबे. आपण किती चाललो हे स्वतः मोजण्याचे साधन सामान्य माणसाजवळ नव्हतेच. ज्यांच्याजवळ ते होते, त्यांची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन लिहून ठेवले आहे. रथाचे चाक चार फूट व्यासाचे, म्हणजे एका फेरीत सुमारे साडेबारा फूट जमीन मागे पडे. अशा ४०० फेऱ्या झाल्या की ५००० फूट, म्हणजेच एक रोमन मैल पुरा होई. दातेरी चाकांच्या साखळीतून ही मोजदाद होऊन दर मैलाला एक खडा डब्यात टपकन पडे. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, इतकेच काम. प्राचीन चीनमध्येही असा रथ होता. तेथे खड्याऐवजी एक लाकडी बाहुला दर 'ली'ला ढोल वाजवी. चाकाच्या फेऱ्या मोजाव्यात आणि परिघाने गुणाव्यात, हे सारे तत्त्व येथेच आले. पुढच्या दोन हजार वर्षांत माणसाने खड्याच्या जागी आकडा आणला, एवढेच.

पण असा रथ बाळगणार कोण? सरदार किंवा सरकार. आपल्याकडे कंपनी सरकारचे मोजणीदार एक मोठे चाक हाताने ढकलीत रस्तोरस्ती फिरत. त्यावरची तबकडी मैल दाखवी. ज्याचे गाव मोजले जाई त्याला त्या आकड्याचा उपयोग नसे. तो आकडा जाई नकाशावर, आणि नकाशा राज्यकर्त्याच्या कपाटात.

जेथे चाक नेणे शक्य नव्हते तेथे पावले मोजली गेली. कुमाऊंचा नैनसिंग रावत १८६५ साली सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर तिबेटकडे निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. त्याच्या हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरे. पाहणाऱ्याला वाटे, कोणी भाविक यात्रेकरू नामस्मरणात दंग आहे. टिपणे तो प्रार्थनाचक्रात दडवून ठेवी. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्याला सुवर्णपदक दिले. पावले त्याची आणि जिवावरचा धोकाही त्याचा. पण मोजमाप दुसऱ्यासाठी आणि तिसऱ्याच्या मुलखाचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिचे पुढे काम पडणार आहे.

ही सरदारी मक्तेदारी मोडली ती सायकलीने. १८८५ साली स्टार्लीची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल आली, १८८८ साली डनलॉपची हवेची धाव आली, आणि कारकून, मास्तर, परिचारिका असली साधी माणसे रविवारी शहराबाहेर पडू लागली. मग साहजिकच प्रश्न आला, की आज आपण किती गेलो? अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या कर्टिस व्हीडरने १८९५ साली त्याचे उत्तर तयार केले. पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसणारे अंगठ्याएवढे यंत्र, आणि चाकाच्या एका तारेवर एक खुंटी. दर फेरीला ती खुंटी यंत्राच्या चांदणीसारख्या दातेरी चक्राला टिचकी मारी आणि आत आकडे सरकत. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे ८८ इंच. म्हणजे ७२० फेऱ्यांचा एक मैल. रोमन सरदाराच्या रथातले यंत्र आता कारकुनाच्या सायकलीला लटकू लागले. माणसाने आपल्या हौसेखातर, आपल्यासाठी, आपले मैल मोजावेत, ही सोय जगात पहिल्यांदाच एवढी स्वस्त झाली होती.

व्हीडरच्या कारखान्यातली मोजयंत्रे पुढे कोठकोठे गेली ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या मोजायला त्यावर व्हीडरचेच मोजयंत्र होते. ते दोघे बंधू मूळचे सायकलवालेच ना!

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी ४४,००० मैल तुडवून परतले. अठ्ठावीस इंची चाकाचा हिशेब लावला तर या तीन कोटींहून अधिक फेऱ्या होतात. असा आकडा वाचला की तोंडात बोट जाते.

माझ्या लहानपणी आम्हांला मात्र मैलांशी कर्तव्य नव्हते. सायकल मिळे ती तासाच्या भाड्याने, म्हणून हिशेब घड्याळाचा. तास भरत आला की उतारावर असलो तरी छाती धडधडे. आम्ही किती लांब गेलो हे कोणी विचारीत नसे. किती उशीर केला हे मात्र दुकानदारही विचारी आणि घरचेही. मोजायचे काय, हे ज्याच्या हाती पैसा असतो तोच ठरवतो, हा धडा मला इतिहासाच्या पुस्तकाआधी सायकलीच्या दुकानात मिळाला.

आता काळ पालटला. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या नातीने शर्यतीच्या घाटणीची हलकी सायकल घेतली आहे आणि तिला २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरायचे आहे. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरे करायचे, वाटेतल्या ठाण्यांवर आपल्या कार्डावर नोंद घ्यायची, आणि सुखरूप परतायचे. मूळ प्रथा फ्रान्सची; तिकडे पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे १२०० किलोमीटरची दौड १८९१ पासून चालू आहे. तर ही पोर मला विचारती झाली, "आजोबा, सायकलला कॉम्प्युटर कोणता घेऊ?" दुकानात डझनावारी यंत्रे, आणि प्रत्येक दुसऱ्यापेक्षा शहाणे! मी म्हटले, "आधी हे सांग, की तुला त्याच्याकडून काय ऐकायचं आहे?"

कारण या यंत्रांच्या तीन पिढ्या आहेत आणि प्रत्येकीचे बोलणे वेगळे.

पहिली पिढी व्हीडरच्या वंशातली. १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुडने काचेच्या बारीक नळीत दोन पत्र्या बसविल्या. चुंबक जवळ आले की त्या चिकटतात, दूर गेले की सुटतात. १९८० नंतरच्या दशकात सायकलीच्या तारेवर खुंटीऐवजी हे चुंबक आले आणि पुढच्या फाट्यावर ही नळी. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना चाक सेकंदाला तीनहून अधिक फेऱ्या घेते. तेवढ्या वेळा पत्र्या मिटतात, आणि दोन मिटण्यांमधल्या वेळावरून वेग निघतो. हे यंत्र स्वस्त असते, नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन् महिने चालते, आणि तुम्ही कोठे होता हे कोणालाही सांगत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसते.

दुसरी पिढी आकाशाकडे पाहणारी. अमेरिकेच्या लष्करी उपग्रहांच्या संकेतांत नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि काही वर्षांतच सायकलीच्या दांड्यावर बसणारी जीपीएस यंत्रे बाजारात आली. अनोळखी रस्त्यावर, रात्री, वळण दाखवायला यांच्यासारखा सोबती नाही. परंतु ती जागेचे ठिपके घेऊन त्यांना रेघेने जोडतात. दाट वळणांच्या घाटात कोपरे कापले जातात, आणि बोगद्यात तर आकाशच दिसत नाही. म्हणून जाणते लोक याच यंत्राला चाकावरच्या संवेदकाची जोड देतात. शेवटी विश्वास ठेवावा तो जमिनीला टेकलेल्या चाकावर!

तिसरी पिढी पायांचे बळ मोजणारी. जर्मनीच्या उलरिश शोबररने १९८६ साली पायट्याच्या चक्रात ताण मोजणाऱ्या पट्ट्या बसवून सायकलस्वाराची शक्ती वॅटमध्ये मोजली. वारा पाठीशी असला की वेग वाढतो, समोर आला की घटतो. वॅट मात्र तुम्ही प्रत्यक्ष केलेले श्रम सांगतात. शिकवणारा गुरू असेल आणि रोजच्या सरावाचा आराखडा असेल, तर या यंत्राचे चीज होते. एरवी तो महागडा आरसा.

नातीला मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली सरासरीची. बहुतेक यंत्रे सायकल थांबली की स्वतःही थांबतात. सरासरी ताशी २० दिसते, मन सुखावते, चहाचा दुसरा कप येतो. पण ठाण्यावरचे घड्याळ थांबत नाही. २० च्या गतीने २०० किलोमीटरला दहा तास लागतात. खाणे, पिणे आणि पंक्चर यांना मिळून साडेतीन तास उरतात. म्हणून पडद्यावर एकूण गेलेला वेळ दिसलाच पाहिजे, आणि तो दाखविणारे यंत्रच घ्यावे.

दुसरी गोष्ट नैनसिंगाची. सायकलस्वार आणि धावपटू आपल्या वाटा ज्या 'स्ट्राव्हा'वर टाकतात, त्या संस्थेने २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या अशा वाटांचा एक झगमगता नकाशा प्रसिद्ध केला. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या ध्यानात आले, की ओसाड वाळवंटात जेथे काहीच नाही असे वाटे, तेथे लष्करी तळांच्या कडा उजळून निघाल्या आहेत. सैनिक व्यायामाला धावले होते, आणि मनगटावरची यंत्रे मुकाट्याने मणी ओढीत होती. नैनसिंगाला निदान माहीत होते की आपण कोणासाठी मोजतो आहोत! एकटी मुलगी पहाटे कोठून निघते आणि रात्री कोठे परतते, हे चार अनोळखी माणसांना कळणे काही चांगले नव्हे. तेव्हा जीपीएसचे यंत्र घ्यायचे तर घराभोवतीचा टापू झाकून ठेवण्याची सोय पहिल्याच दिवशी वापरावी, आणि वाटा सर्वांना नव्हे, घरच्यांना दिसतील असे करावे. शंभर वर्षांपूर्वी जे मैल मोठ्या मुश्किलीने आपले झाले, ते फुकट का वाटावेत?

माझा कौल विचाराल तर पहिल्या वर्षी चाकाचे साधे यंत्र. आपला दम, आपली चाल आणि आपला आळस यांची ओळख पटायला तेवढे पुरते. दूरच्या आणि रात्रीच्या वाटा सुरू झाल्या की जीपीएस; आणि शक्तीचे यंत्र, ते मागण्याइतके पाय तयार झाले म्हणजे.

यंत्र कोणतेही आणा, चाकाचा परीघ मात्र घरीच मोजा. पुस्तिकेतल्या कोष्टकात २५ मिलिमीटर रुंदीच्या धावेला २१०५ मिलिमीटर परीघ दिलेला असतो आणि २८ ला २१३६. घालायच्या आकड्याऐवजी शेजारचा घातला, तर यंत्रावर २०० उमटतात तेव्हा खरे १९७ च झालेले असतात. या सुट्टीत रांगोळीसाठी सारवलेली जागा सोडून अंगणात खडूची एक रेघ मारा. चाकात नेहमीची हवा भरा, हवा भरण्याचे तोंड बरोबर रेघेवर आणा, स्वाराला वर बसवा, आणि कोणीतरी दांडा धरून सरळ रेषेत एक पुरी फेरी पुढे न्या. तोंड पुन्हा खाली आले की दुसरी रेघ. मग शिवणाच्या डब्यातली टेप आणून दोन रेघांमधले अंतर मोजा. एकाने टेप धरावी, दुसऱ्याने आकडा वाचावा, आणि धाकट्याने तो वहीत लिहून ठेवावा.